गोल म्हणजे हो, फुली म्हणजे नको

त्या वर्षाची आठवण निघाली की मला आधी थकवाच आठवतो. पहिल्या पाळीला मुरबाडच्या कारखान्यात जायचं, स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे, दुपारी शेणव्याजवळच्या आमच्या गावी परत यायचं, जेवायचं आणि आडवं व्हायच्या ऐवजी दादाशेजारी सतरंजीवर बसायचं. समोर टीव्ही. टीव्हीत निळ्या-गुलाबी केसांची, बशीएवढ्या डोळ्यांची माणसं तलवारी घेऊन उभी. ती माणसं आम्ही एकेक घर पुढं सरकवायची. असं जवळजवळ वर्षभर चाललं. मी तेव्हा चाळिशीच्या अलीकडे होतो, दोन मुलांचा बाप होतो, आणि मला व्हिडिओ गेमची कणभरही आवड नव्हती.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर. मुरबाडहून टोकावडे, तिथून माळशेज घाट चढून पलीकडे, हा त्याचा नेहमीचा रस्ता. भातकापणी संपत आली होती तेव्हा एका सकाळी अंगणात तोंड धुताना त्याच्या हातातून तांब्या पडला. त्यानं उचलायला हात पुढं केला, तर हात गेलाच नाही. उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय महिन्याभरात सुधारला, बोलणंही सुधारलं, हात मात्र मागं राहिला. बोटं मिटायची, पण अंगठा ऐकायचा नाही.

आम्हाला जे सांगण्यात आलं ते सरळ होतं. आजारपणाची रजा संपेपर्यंत हात पुरता सुधारला आणि डॉक्टरनं तपासून तसं लिहून दिलं, तर स्टिअरिंग परत मिळेल. नाहीतर डेपोत हलकं काम. दादाला त्या हलक्या कामाचं नावही नको असायचं.

“हलकं काम म्हणजे काय रे? खिडकीत बसायचं नि बोलायचं, गाडी अजून आली नाय. कधी येईल? ते आमाला नाय माहीत. त्यापेक्षा ढोरं राखीन.”

वहिनी हे ऐकायची आणि चुलीकडे तोंड फिरवायची. दादाला गाडीवर बसलेलं परत बघायचं, एवढी एकच गोष्ट त्या घरात प्रत्येकाच्या मनात होती. उघडपणे तो एकटाच बोलायचा.

तालुक्याच्या डॉक्टरनं त्याला रबरी चेंडू दिला होता, दाबायला. दोन दिवसांनी तो चेंडू खाटेखाली मिळाला.

“दादा, हे काय?”

“ह्याच्यात काय मजा आहे रे? दाबला तरी चेंडू, नाय दाबला तरी चेंडू.”

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, कल्याणला टीव्ही दुरुस्त करायचा. दादाला बघायला आला तेव्हा तो एक काळं मशीन पिशवीत घालून घेऊन आला. गिऱ्हाईक दुरुस्तीला टाकून गेलं ते परत आलंच नाही, असं तो म्हणाला. मशीनबरोबर एक रिमोट होता, दोन्ही हातांत धरायचा, दोन्ही बाजूंना बटणं. आणि एकच सीडी, तीही जपानी.

“दाजी, हा लढाईचा गेम आहे, पण घाईचा नाय,” तो मला म्हणाला. “आपण खेळेपर्यंत दुश्मन थांबतो. दादांना बरा पडंल. गोल बटण म्हणजे हो, फुली म्हणजे नको. बाकी जपानी मला पण नाय येत.”

मुलं दोन दिवस खेळली. पळता येत नाही, मारामारी पटकन होत नाही, सगळे आपापल्या चौकोनात उभे राहतात, म्हणून कंटाळली. मग ते मशीन आम्हा दोघांच्या वाट्याला आलं.

रिमोट एक आणि माणसं दोन. दादा डावीकडे बसायचा. त्याचा डावा अंगठा बाणांवर, माझा उजवा अंगठा गोल आणि फुलीवर. तो माणूस निवडायचा, चौकोनावर न्यायचा आणि म्हणायचा, “हो.” मी गोल दाबायचो. “नको, नको!” मी फुली. दोन मोठे बाप्ये एका रिमोटला दोन्हीकडून धरून बसलेत, हे पाहून माझी बायको पहिल्यांदा दारातच थांबली.

“अवो, गाडी चालवताय का नांगर?”

“गप गो, लढाई चालू आहे,” मी म्हणालो.

“कसली लढाई? ती पोरगी कवापासून उभीच आहे तिथं. आणि केस बघा तिचे. ह्यांच्या घरी तेल नाय का?”

अक्षरं वाचता येत नव्हती, पण आकडे वाचता यायचे. आकडे सगळीकडे सारखेच. मला त्या गेममध्ये पाय ठेवायला जागा मिळाली ती आकड्यांमुळे. वार करण्याआधी पडद्यावर दिसायचं की आपला वार किती लागेल, लागण्याची शक्यता शंभरात किती, आणि समोरचा उलटा वार किती करेल. हे पाहून मी दादाला सांगायचो, ह्याला पाठव, त्याला नको. गोष्ट काय चालली आहे ते आम्ही चेहऱ्यांवरून ठरवलं. निळ्या केसांची तलवारवाली ती पाटलीण, तिच्या बापाचा वाडा कोणीतरी बळकावलाय आणि ती माणसं गोळा करत निघाली आहे. कुऱ्हाडवाला जाड्या. धनुष्यवाली एक काटकुळी. जखमा बऱ्या करणारी नर्सबाई. पांढऱ्या दाढीचा जादूगार म्हातारा, जो दादाला फार आवडायचा, कारण तो दोन घरं चालला की दमायचा.

प्रत्येक लढाई संपली की सुरक्षित नोंद व्हायची, मधे नाही. लढाईला तास-सव्वा तास सहज लागायचा आणि त्या वर्षी लाइट कधी जाईल त्याचा भरवसा नसायचा. लोडशेडिंगचं वेळापत्रक होतं, पण ते पाळलं जायचंच असं नाही. ऐन रंगात आलेली लढाई पडद्यासकट काळी व्हायची. मी कपाळावर हात मारायचो. दादा मात्र हसायचा.

“चला, पडलेले सगळे जिवंत झाले.”

ते खरं होतं. त्या गेमचा एक नियम होता, तो आम्हाला तिसऱ्या की चौथ्या लढाईनंतर कळला. जाड्या त्या लढाईत पडला होता. पुढच्या लढाईत माणसं निवडताना दादा शोधत राहिला.

“जाड्या कुठंय रे?”

“पडला ना मागच्या वेळी.”

“मग? बरा नाय झाला?”

नाही झाला. त्या गेममध्ये जो पडला तो कायमचा गेला. तो पडताना मोठा चेहरा यायचा, दोन ओळी बोलायचा, उदास वाजायचं आणि संपलं. दादानं मला त्याच्याही आधीच्या नोंदीवरून मागची लढाई परत लावायला सांगितली. आणि त्यानंतर वर्षभर हाच आमचा कायदा झाला. कोणी एक जरी पडला तरी मशीन बंद, लढाई पहिल्यापासून. मला याचा फार शीण यायचा. जिंकत आलेली लढाई एखाद्या बिनकामाच्या भालेवाल्यापायी पुसून टाकायची. मी म्हणायचो, “दादा, हा एक गेला तर काय बिघडतं? वीस जण आहेत.” तो म्हणायचा, “गाडीत पन्नास असतात, म्हणून एखादा पडला तर चालतो काय?” मी मशीन बंद करायचो.

दुसरा कायदाही त्याचाच, पण त्यात माझाही हात होता. गेममध्ये जो वार करेल त्याला अनुभवाचे गुण, आणि शेवटचा वार ज्याचा त्याला जास्त. शंभर गुण झाले की माणूस एक पायरी वर चढायचा, त्याची ताकद वाढायची. दादा शेवटचा वार नेहमी मागं राहिलेल्याला द्यायचा. आमच्याकडे भातलावणीला सावड असते. आज तुमच्या खाचरात आमची चार माणसं, उद्या आमच्या खाचरात तुमची चार. कोणाचा हात चपळ, कोणाचा जड, हे कोणी काढत नाही. माणूस म्हणजे माणूस. त्या वर्षी दादा चिखलात उतरू शकत नव्हता, तरी आमच्या खाचरात माणसं पूर्ण आली, एकही कमी नाही. दादा बांधावर बसून राबातल्या रोपांच्या मुठी डाव्या हातानं पुढं फेकत होता आणि कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. हे त्याच्या अंगात भिनलेलं होतं आणि तेच त्यानं गेममध्ये आणलं. सगळ्यांनी बरोबरीनं खायचं, बरोबरीनं राबायचं.

मला ते पटलं ते वेगळ्या कारणानं. स्टोअरमध्ये सगळ्या खणांतला माल सारखा उतरत गेलेला असला की मला बरं वाटतं. कोण तेरावर आहे, कोण चौदावर, हे मी डोक्यात ठेवायचो आणि दादाला सांगायचो, “काटकुळी मागं पडली. हा वार तिला दे.” शेवटीशेवटी आमची सगळी माणसं चौदा किंवा पंधरावर होती. मला त्याचा अभिमानही वाटायचा.

गणपतीच्या आधी मेहुणा आला. त्यानं रिमोट घेतला, यादी वरून खाली पाहिली आणि हसायला लागला.

“दाजी, हे काय केलंत तुमी? शाळेच्या रांगेसारखे सगळे सारखेच! असं नसतं खेळायचं. सात-आठ जण धरायचे, त्यांनाच मोठं करायचं. बाकीचे नुसते पोतं धरायला.”

“पोतं धरायचं तर त्यांना घरनं आणलंच कशाला?” दादा म्हणाला.

“अवो दादा, शेवटी राजा बसलाय तो पंधराच्या पोरांना ऐकणाराय का?”

“बघू. आमची पोरं मेहनती आहेत.”

या सगळ्या महिन्यांत दादाचा हात सुधारत होता. आधी मी त्याचा उजवा अंगठा माझ्या बोटांनी धरून गोलावर ठेवायचो आणि वरून दाबायचो. मग तो स्वतः ठेवायला लागला, दाबायचो मी. मग एका दुपारी बटणाचा बारीक आवाज आला आणि माझं बोट अजून वरच होतं. आम्ही दोघांनी रिमोटकडे पाहिलं. दादा म्हणाला, “हे मी केलं का रे?” मी म्हणालो, “मी नाही केलं.” त्यानं वहिनीला हाक मारून परत करून दाखवलं. वहिनीनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

पाऊस संपेपर्यंत रिमोट त्याचा त्यानं पूर्ण घेतला होता. उजव्या हातानं जेवायचा, विहिरीवर दोर ओढायचा, सही करायचा. वहिनी दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, “हात आला त्यांचा. आता परीक्षा झाली की गाडीवर.” मी मात्र तसाच शेजारी बसून राहिलो, कारण आकडे बघणारा कोणीतरी लागायचाच. कारखान्यात पाय दुखायचे, सतरंजीवर पाठ दुखायची. बायको म्हणायची, तुमचे डोळे लाल झालेत, आज नका बसू. मी बसायचो. डॉक्टरची तारीख आली होती आणि दादानं ठरवलं होतं की त्याआधी तो राजा पाडायचा.

शेवटची लढाई एका महालात होती. वीसपैकी दहाच जणांना आत सोडत. दादानं ते दहा निवडायला एक अख्खी दुपार घेतली. म्हाताऱ्याला घ्यायचं की नाही यावर तो तीनदा थांबला. शेवटी म्हाताऱ्याला घेतलं नाही. “त्याला जिने नाय झेपायचे,” तो म्हणाला.

राजा सिंहासनावर बसलेला. ताकद साठ. प्रत्येक फेरीनंतर त्याची पाच ताकद आपोआप भरून यायची. त्याच्यासमोर तीनच जणांना उभं राहायला जागा, मागून तीन जण धनुष्य किंवा जादू चालवू शकत. समोरच्यांचा एकेक वार पाचाचा, मागच्यांचा चाराचा. सहा जणांचे मिळून एका फेरीत सत्तावीस. मी हिशोब केला. तीन फेऱ्यांत तो पडू शकत होता. दोन वार चुकले तरी जेमतेम पडेल, तिसरा चुकला की नाही. आणि चौथ्या फेरीपर्यंत राजा आमच्यातल्या एकाला तरी हमखास लोळवणार, म्हणजे आमच्या कायद्यानं मशीन बंद. मेहुण्यासारखे सात-आठ जण मोठे केले असते, तर अशी मोजणी करायचीच गरज नव्हती. एखादी चाल वाया गेली असती तरी कोणाला कळलं नसतं. आमची सगळी सारखी आणि सगळी कमी. नशिबानं चुकणारे दोन वार सोडले, तर आमच्याकडे वाया घालवायला एकही चाल नव्हती.

आणि तिथं मला दादाचा अंगठा दिसला.

आधीच्या लढायांत तो चुकत नसेल असं नाही. चुकलेलं खपून जात होतं. माणूस एक घर इकडे गेला काय, तिकडे गेला काय. इथं एक घर चुकलं की लढाई गेली.

“दादा, तिथं नको होतं ना न्यायचं?”

“मी फुली दाबली.”

“गोल लागला.”

“नाय रे, फुली दाबली मी.”

पहिल्या दोन-तीन वेळा मला वाटलं रिमोट जुना झालाय. मी बटणं साफ केली. मग मी त्याच्या हाताकडे बघायला लागलो, पडद्याकडे नाही. पहिला अर्धा तास अंगठा बरोबर चालायचा. नंतर तो हळूच मागं पडायला लागायचा. दादा चौकोन बदलून पुढं जायचा आणि आधीचा दाब तेव्हा उतरायचा. किंवा फुलीकडे जायला निघालेला अंगठा वाटेत गोलावरच राहायचा. त्याला स्वतःला ते कळत नव्हतं. त्याच्या लेखी तो फुलीवर पोचलेला असायचा.

“आज दमलास का?” मी विचारायचो.

“मी कसला दमतोय? दिवसभर बसूनच आहे. तू दमलायस.”

ते होतंच. मी म्हणालो, “असं कर, शेवटची फेरी आली की उजवीकडचं मी दाबतो. पहिल्यासारखं.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. “आणि डॉक्टरकडे पण तूच दाबणार काय?”

तारखेच्या आदल्या रविवारी सकाळी आम्ही बसलो. लाइट होती. वहिनी आणि माझी बायको तांदूळ निवडायला तिथंच येऊन बसल्या होत्या, कारण आज राजा पडणार असं दादानं जाहीर केलं होतं. राजापर्यंत पोचायलाच पाऊण तास गेला. पहिल्या फेरीत सहाचे सहा वार लागले. दुसऱ्या फेरीत समोरच्यांपैकी दोघांचे वार चुकले. तिसऱ्या फेरीत पाच वार झाले, सगळे लागले. राजाच्या ताकदीचे तीन उरले. काटकुळीचा एक बाण बाकी होता, चाराचा. ती खांबाच्या आड, राजाच्या हातापासून लांब उभी होती.

“मारा,” माझी बायको म्हणाली. “बघता काय?”

दादानं काटकुळीला निवडलं. एकदा घरं मोजायला पडद्यावरची खूण पुढं नेली, अगदी सिंहासनाच्या पायरीपर्यंत. आता फुली दाबून तो मागं येणार आणि जागेवरूनच बाण सोडणार. तो फुलीकडे गेला. गोल लागला. भालेवाला वार करून मागं सरला होता, त्याच्या रिकाम्या जागी काटकुळी धावत जाऊन राजाच्या पुढ्यात उभी राहिली. इतक्या जवळून धनुष्य चालत नाही. आमची फेरी संपली. राजाची पाच ताकद भरली, त्यानं तलवार उचलली, आणि काटकुळीचा चेहरा मोठा होऊन पडद्यावर आला.

“अगो बाई,” वहिनी म्हणाली.

मी मशीन बंद करायला हात पुढं केला, सवयीनं. दादा म्हणाला, “थांब.” तिचं बोलणं त्यानं पूर्ण होऊ दिलं. दोन ओळी, मग ते उदास वाजणं. सगळं संपेपर्यंत तो बघत राहिला. मग त्यानं रिमोट खाली ठेवला आणि उजवा हात मांडीवर उलटा-सुलटा करून पाहिला, दुकानात वस्तू बघावी तसा.

“परत लावायचं?” मी विचारलं.

“नको.”

“सात-आठ जणांनाच मोठं करून पहिल्यापासून सुरू केलं तर होईल. मेहुणा म्हणतो तसं.”

“नको रे. झालं.”

तो उठून ढोरांना पाणी दाखवायला गेला. वहिनी मला म्हणाली, “भावजी, एवढं काय मनाला लावून घेतात? गेमच आहे ना.” मी हो म्हणालो. मला त्या वेळी खरंच फक्त झोप हवी होती.

ठाण्याला तपासणीला मी बरोबर गेलो, एक रजा टाकून. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण नीट तपासत होते. त्यांनी दादाला एक यंत्र मुठीत दाबायला दिलं. काटा चांगला वर गेला. अंगठा एकेका बोटाला लावून दाखवायला सांगितलं. दादानं लावला. डोळे, चाल, तोल. दहा मिनिटांत झालं. “छान सुधारणा आहे,” डॉक्टर म्हणाले. “काय व्यायाम केलात?” आणि लिहायला कागद ओढला.

“साहेब, एक बोलायचं होतं,” दादा म्हणाला.

“बोला.”

“आता हात बरोबर आहे. अर्ध्या तासानं अंगठा उशिरा येतो. मला वाटतं इकडं गेला, आणि तो तिकडंच असतो. मला समजत पण नाय.”

डॉक्टरांनी पेन थांबवलं. “कशावरून म्हणता?”

“गेम खेळतो ना आमी, त्यात बगितलं.”

“कसला गेम?”

दादानं सांगितलं. गोल, फुली, राजा, काटकुळी. डॉक्टरांना त्यातलं किती कळलं माहीत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“तुम्ही असता का तिथं? हे म्हणतात ते खरं आहे?”

मी नाही म्हणालो असतो, तर त्यांनी माझंच ऐकलं असतं असं नाही. पण विचारलं मला होतं. वर्षभर ज्या एका गोष्टीसाठी मी सतरंजीवर बसलो होतो, ती त्या टेबलावर होती. दादा माझ्याकडे बघत नव्हता, भिंतीकडे बघत होता.

“खरं आहे,” मी म्हणालो. “अर्धा तास बरोबर चालतो, मग चुकायला लागतो. उशीर होतो. त्याला स्वतःला कळत नाही.”

डॉक्टरांनी आणखी तपासण्या केल्या, त्याच त्या हालचाली पुन्हा पुन्हा, बराच वेळ. शेवटी त्यांनाही दिसलं. गाडी चालवण्यास योग्य नाही, असं त्यांनी लिहिलं. दुसऱ्या कामास योग्य, असंही लिहिलं.

बाहेर टपरीवर चहा घेतला तेव्हा मला राग आला. तोवर आला नव्हता.

“त्यानं लिहिलंच होतं रे जवळजवळ. तुला कोणी विचारलं होतं?”

“कोणीच नाय.”

“मग?”

दादा चहा डाव्या हातानं पीत होता. “ती काटकुळी गेली, तेव्हा तू मशीन बंद करायला गेलास. वर्षभर असंच करतोय आपण. पडला, बंद कर, परत लाव. म्हणून तर सगळे जिवंत राहिले. आपण चांगले खेळतो म्हणून नाय.” त्यानं पेला खाली ठेवला. “टोकावड्याच्या पुढं वळणं लागतात ना, तिथं अर्धा तास केव्हाच होऊन गेलेला असतो.”

चहाचे पैसे त्यानंच दिले.

पुढं त्याला डेपोत खिडकीत बसवलं. निवृत्त होईपर्यंत तो तिथंच होता. गाडी का आली नाही हे तो लोकांना खरं सांगायचा, कुठं बंद पडली, कोण ड्रायव्हर आहे, पंक्चर काढायला किती वेळ लागेल, आणि त्यावरून साहेबांची बोलणी खायचा. मशीन मेहुणा परत घेऊन गेला. त्या राजाचं काय झालं ते आम्हाला माहीत नाही. वहिनी बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी डॉक्टरपुढं हो म्हणालो, हे दादानंच तिला सांगितलं होतं. का सांगितलं, ते मी कधी विचारलं नाही.

पण त्या दिवशी अजून ते सगळं पुढं होतं. ठाण्याहून शहापूरची गाडी लागली. ड्रायव्हर ओळखीचा निघाला.

“अरे दादा! झाली का तपासणी? ये, पुढं बस केबिनमध्ये.”

“नाय, मागं बसतो. हा दमलाय, ह्याला टेकायला पायजे.”

आम्ही मधल्या बाकावर बसलो, तो खिडकीशी, मी आत. गाडी सुटली. नाशिक रस्त्याला लागेपर्यंत मी डोळे उघडे ठेवायचा प्रयत्न करत होतो. घरी गेल्यावर वहिनी दारातच उभी असणार. आधी काय सांगायचं, नंतर काय, हे मी मनात लावत होतो आणि दर वेळी मधेच तुटत होतं.

“वहिनीला काय सांगायचं?” मी विचारलं.

“तिला मी सांगतो,” दादा म्हणाला. “तू झोप.”

मी झोपलो.